भूगोलाचा तास

"आजोबा, तुमचे साहेब कधी चुकायचे का?" मुलांनी विचारले.

चुकायचे की. लेफ्टनंट शिर्के बावीस वर्षांचे, मी पस्तिशीचा हवालदार. पहिल्याच गस्तीत त्यांनी आम्हा तीस जवानांना भलताच डोंगर चढायला लावला. "यांना कुणीतरी भूगोल शिकवा रे," मी मागून पुटपुटलो.

ठाण्यावर मेजरसाहेबांनी उशिराचे कारण विचारले. मी धुक्याचे नाव सांगणार, तोच शिर्केसाहेब म्हणाले, "नकाशा मी चुकीचा वाचला, सर."

महिन्याने गस्तीवर तोफगोळे पडू लागले. "नाल्यात उतरा," साहेब ओरडले. मला वरची वाट बरी वाटत होती, तरी मीच आधी उतरलो आणि माझ्यामागे सगळे. पुढच्याच गोळ्याने वरची वाट उडाली.

अजून दर दिवाळीला साहेबांचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला. "हवालदार, भूगोलाचा तास कधी घेताय?"