काळोखीबाईचा उजेड

पडद्यावरचा तो ठिपका अजून करडाच होता. काळोखीबाईने खुर्ची मागे ढकलली, पाण्याच्या यंत्रापर्यंत गेली आणि पाणी न पिताच परत आली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "अगं, बस की जरा! पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" ती बसली. आणि पुन्हा उठली.

करडा ठिपका म्हणजे बाबांच्या घरची, उपग्रहावरून इंटरनेट घेणारी डिश. एकदाही सुरू न झालेली. वादळात डोंगर खचला होता, रस्ता वाहून गेला होता, मोबाइलचे मनोरे आडवे झाले होते. बाबांची टेकडी आणि तिच्यावरची पाच-पंचवीस घरं, परवापासून कुणाचा आवाज नाही. मदतपथकवाले म्हणाले, "ताई, जिथून हाक येतेय तिथे आधी जातोय आम्ही." आणि हाक मारायचं साधन बाबांच्या घरात खोक्यात पडून होतं. तिनेच पाठवलेलं.

बाबा म्हणजे आकाशवेडा माणूस. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि जन्मभर गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावून बसले. लेक उपग्रहांच्या कंपनीत लागली तेव्हा टेकडीभर सांगत सुटले होते. मग ते उपग्रह थव्याथव्याने वर गेले, बाबांनी काढलेल्या ताऱ्यांच्या प्रत्येक फोटोवर पांढरे ओरखडे उमटायला लागले, आणि बाबांचं डोकंच फिरलं. "जगाला इंटरनेट द्या, नाही कोण म्हणतंय? पण आभाळ काय तुमच्या कंपनीच्या बापाचं आहे?" डिशचं खोकं त्यांनी उघडलंच नाही. उलट त्याच्यावर बसून तारे बघायला लागले. उंची अगदी बेतशीर आहे म्हणे!

ते बोलणं तिला फार लागलं होतं. तिने हट्टाने उपग्रह झाकायचं काम मागून घेतलं. जमिनीवर अंधार पडला तरी इतक्या उंचावर ऊन असतंच. तेव्हा उपग्रहांचे सौरपंख, म्हणजे उन्हावर वीज करणारी पॅनेलं, असे कलते करायचे की त्यांच्यावरून परतलेला उजेड खाली येणारच नाही. जमलं ते. वेधशाळांनी आभार मानले, ऑफिसने 'काळोखीबाई' नाव ठेवलं. बाबा तेवढे म्हणाले, "हं. बरंय थोडं." त्या दोन शब्दांवर तिने कितीतरी दिवस काढले.

तिकडे आता दिवस मावळला होता. ढग हटले होते, वादळाने आभाळ धुऊन काढलं होतं. अशा संध्याकाळी बाबा घरात बसणं शक्यच नाही. जिवंत असतील तर गच्चीवर असतील. गच्ची पडली असेल तर अंगणात.

तिला एकदम टॉर्च आठवली. लहानपणी जेवायची वेळ झाली की आई तिला वर पिटाळायची. हाकांनी बाबा ढिम्म हलत नसत. मग ती दारातून त्यांच्या तोंडावर टॉर्च मारायची, भक्, भक्, भक्, तीनदा. अंधाराला सरावलेले डोळे दिपले की बाबा खवळायचे, "लाइट बंद कर, कार्टे! येतोय!" आणि खरंच यायचे, तिच्या मागे जिना उतरून थेट ताटापर्यंत.

ती शिफ्टच्या साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. "साहेब, एका रांगेतले तीन उपग्रह आता आमच्या घरावरून जातायत. त्यांचे पंख फिरवायचेत मला. चांगले लखलखायला हवेत."

"डोकं ठिकाणावर आहे ना? एकही चमकू देणार नाही, असा शब्द दिलाय आपण वेधशाळांना. तोही तुझ्या जिवावर!"

"माझे बाबा आहेत तिथे. हाका मारून ते ऐकत नाहीत, साहेब. पण डोळ्यांवर उजेड आला की गप्प बसत नाहीत."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि बघायला तिथे कुणी नसलंच तर?"

तिने तिन्ही उपग्रहांचे आकडे लिहिलेला कागद त्यांच्यापुढे सरकवला. बोलली असती तर रडली असती.

"कर," साहेब म्हणाले. "शिव्या मी खाईन."

तिने पहिल्याचे पंख फिरवले. मग दुसऱ्याचे. मग तिसऱ्याचे. पडद्यावर नुसते आकडे हलले. लखलखाट झाला असेल तर तो तिकडे, डोंगरावर. तीन उपग्रह घरावरून पुढे निघून गेले.

अर्धा तास गेला तरी ठिपका करडाच राहिला.

तिचा जीव टांगणीला लागला. खोकं उघडायचं, डिश मोकळ्यावर मांडायची, दुर्बिणीची मोटर चालवणाऱ्या बॅटरीला तार जोडायची. काय कठीण आहे त्यात? पण बाबांना उघडायचंच नसेल तर? "इतका कसला मेला तो हट्ट!" ती पुटपुटली, आणि तोंडातून काय गेलं ते कळून तिने जीभ चावली. शेजारचा उठून तिच्याजवळ आला. साहेबही टेबल सोडून तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

तिने क्षणभर डोळे मिटले. उघडले तर ठिपका हिरवा.

आधी तिला खरंच वाटेना. तेवढ्यात फोन वाजला आणि तिने तो झडप घालून उचलला. कानाशी धरला तर आधी नुसता कालवा. बरीच माणसं एकदम बोलत होती, एक पोर रडत होतं, कुणीतरी ओरडत होतं, "पाण्याचं सांगा! म्हातारीच्या पायाचं सांगा!" आणि त्या सगळ्यांच्या वरताण तो घोगरा, खवळलेला आवाज आला.

"लाइट बंद कर, कार्टे! उघडलं ना खोकं!"