पोराचं दुकान

बाजारात एकाच सर्च इंजिनाचं राज्य होतं. त्याला टक्कर द्यायला एका इंजिनिअरने स्वतःचं सर्च इंजिन काढलं आणि लोकांना वचन दिलं, की तुम्ही काय शोधलंत याची आम्ही कुठेच नोंद ठेवणार नाही. लोकांनी तोंडभर कौतुक केलं आणि जुनंच वापरत राहिले. तो मात्र इरेला पेटला. आईला फोन करायचंही राहून जाऊ लागलं.

आई गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, दुखणं वर्षभराचं होतं. तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"रोज दुपारी मोबाइलवर काहीतरी विचारत बसायची," ताई म्हणाली.

त्याने आईचा मोबाइल चाळला. जुन्या सर्च इंजिनात तिचा एकही प्रश्न नव्हता.

"तिथे कुठून असणार? मी सांगून थकले, त्यावर नीट सापडतं म्हणून. तर म्हणायची, पोराचं दुकान असताना दुसऱ्याची पायरी कशाला चढू?"

वर्षभर आई सगळं त्यालाच विचारत होती, आणि त्याने त्यातलं एक अक्षरही ठेवलं नव्हतं.