चुकलेला मणी

नवरा गेला आणि लेक माहेरी आली. बारीक मण्यांचे हार ओवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता ती मण्यांकडे ढुंकूनही बघेना. आईच एकटी ओवत बसे. एकदा आईच्या हारातल्या पांढऱ्या फुलात लेकीला लाल मणी दिसला.

“आई, दिसत नाही का गं?”

“वय झालं बाई.”

आईला वाईट वाटू नये म्हणून, ती झोपली की लेक चुकलेली फुलं गुपचूप उसवून पुन्हा ओवू लागली. महिनाभरात तिची बोटं पूर्वीसारखी चालू लागली.

आज दुपारी लेक दारातच थबकली. आईनं चष्मा न लावता केसाएवढ्या सुईत पहिल्याच खेपेला दोरा ओवला. पांढरं फूल अर्धं झालं, तसा तिनं वाटीतून शोधून एक लाल मणी उचलला.