काढू नये

"तीन ओळी काढल्याशिवाय वाऱ्याचं नवं गणित यंत्रात बसत नाही," सूर्यभानराव म्हणाले. "उद्या चार वाजता तोफांची चाचणी. काढायच्या की नाही, सांगा."

दयाने छापील कागद पुन्हा पाहिला. तोफेचा गोळा कुठे पडेल हे सांगणारा तो असेम्ब्ली या संगणकाच्या भाषेतला प्रोग्राम रंगनाथने लिहिला होता. प्रत्येक आज्ञेपुढे तिरकी रेघ, आणि रेघेपुढे त्याची टीप. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. यंत्र रेघेपुढचं काहीच वाचत नाही. ते असतं मागून येणाऱ्या माणसासाठी. सगळीकडे त्याने कारण दिलं होतं. या तीन ओळींपुढे मात्र नुसतंच: काढू नये.

रंगनाथ वर्षापूर्वी नोकरी सोडून जामखेडला गेला होता. दयाने नगरहून सकाळची पहिली एसटी धरली.

घरात तो एकटाच होता. बाजेवर बसलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"या बाई. वाटच बघत होतो."

दयाचा जीव भांड्यात पडला. कागद त्याच्या मांडीवर पसरून तिने तिन्ही ओळी वाचून दाखवल्या. त्याने कागदावरून हळूच हात फिरवला.

"रंगनाथराव, काढायचं ना हे?"

"काढून टाका."

"सगळं?"

"सगळंच."

"धोका नाही ना? चाचणीच्या माळापलीकडे वस्ती आहे."

"आता कसला धोका, बाई? काम झालं. उगीच ठेवून काय करायचं?"

पोस्टातून नगरला ट्रंककॉल लागायला दोन तास गेले. अडीच वाजता सूर्यभानरावांचा आवाज आला.

"काढा म्हणाले," दया ओरडून म्हणाली.

"लगेच काढतो," एवढं ऐकू आलं आणि लाइन गेली.

"आज परत लागायची न्हाई," पोस्टमास्तरांनी सांगून टाकलं.

ती स्टँडवर येऊन बसली. चारला पाच कमी असताना एक बाई धापा टाकत आली.

"आमच्या घरी तुमीच आल्त्या ना? मी छबूबाई, त्यांची बायकू. पान्याला गेल्ते. शेजारनीनं सांगितलं."

"भेट झाली. फार मदत झाली त्यांची."



"मदत? डोक्यावर पडल्यापासून त्यांना मानूस वळखू येत न्हाई, बाई. आत्ता मला इचारत हुते, नर्सबाई टाके न काढताच का गेल्या?"