बर्फाचं फडकं

“रूट कॅनाल झाली हो, दुसरं काय!” अप्पा म्हणाले. डाव्या गालावर त्यांनी ओलं फडकं धरलं होतं. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताई दारातून थेट आत आल्या.

त्यांना इथे राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, पण बोलणं असं की वीस वर्षांची ओळख वाटावी. शिवाय परगावी असलेल्या अप्पांच्या मुलीने त्यांना बजावून ठेवलं होतं, “वडिलांचं जरा काही कमी-जास्त दिसलं की कळवा, मी घेऊन जाईन त्यांना.” अप्पांना हे घर सोडायचं नव्हतं. मुलाला एकटं टाकून तर मुळीच जायचं नव्हतं.

“मला विचारा! गेल्याच महिन्यात माझी झाली,” ताई म्हणाल्या. “अहो, यातला बर्फ तर कधीच वितळलाय. दादा, नुसते बघत काय उभे राहिलात?”

मुलाने फ्रीजमधून बर्फ काढला. उजवा हात खिशातच होता. डाव्या हाताने गुंडाळताना दोन खडे निसटून जमिनीवर पडले.

“दहा-पंधरा मिनिटं धरायचं, मग तेवढाच वेळ काढून ठेवायचं,” म्हणत ताईंनी जुनं फडकं उचललं. “अगंबाई! इतकं दाबून धरतात का? घड्यांचे वळ उठलेत गालावर, चांगले चार. शिवणाऱ्या बाईच्या नजरेतून घडी सुटत नाही हं!”

“माझंच चुकलं,” मुलगा पुटपुटला. त्याची मान काही वर होईना.

“चुकलंच! दुखतंय म्हणून सांगत असतील बिचारे, आणि तुम्ही आज नेतो, उद्या नेतो करत बसलात. लाज वाटायला पाहिजे.”

“वाटते,” तो म्हणाला.

“त्याला नका बोलू,” अप्पा घाईने म्हणाले. “मीच दिवसभर भुणभुण लावतो. कोणाचंही डोकं फिरेल.”

“मुलीला कळवलंत?” ताईंनी फोन काढला.

अप्पा इतक्या चटकन उठले की मांडीवरचा बर्फ घरंगळला. “एका दाढेपायी तिच्या जिवाला घोर कशाला? दोन दिवसांत सूज उतरेल.”

ताईंनी जरा विचार केला आणि फोन परत ठेवला. “बरं. पण परवाही सूज दिसली तर मी फोन करणार म्हणजे करणार. कुठली दाढ? आ करा बघू.”

“डॉक्टरांनी तोंड उघडू नका म्हटलंय.”

“आणि मघापासून बोलताय ते?” ताई हसत उठल्या. “केळं कुस्करून द्या हो दादा यांना.”

त्या गेल्या. मुलाने दार लावलं आणि दारालाच कपाळ टेकून उभा राहिला.

“अप्पा, परत कधी...”

“पुरे. आधी पेला आण.”

त्याने पाण्याचा पेला आणला, या वेळी उजव्या हाताने. अप्पांनी वरची कवळी काढली, मग खालची काढली, दोन्ही पाण्यात सोडल्या आणि नुसत्या हिरड्यांनी विचारलं, “परवा त्या आल्या तर कुठली दाढ सांगू रे?”