गालावरची खूण

१९७८ साल. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला फोटो लावलेलं ओळखपत्र त्या वर्षी पहिल्यांदाच सक्तीचं झालं होतं. नकाब घेणाऱ्या मुलींचे चेहरे पडताळायला सामानाच्या खोलीत दोरीवर एक चादर टांगली होती, आणि चादरीमागे ऑफिसातल्या टायपिस्टबाईंना बसवलं होतं. दहाला घंटा, घंटेनंतर दार बंद. पावणेदहा वाजत आले होते.

"नकाब वर कर," टायपिस्टबाई म्हणाल्या.

मुलीनं केला. डाव्या डोळ्याखालून थेट हनुवटीपर्यंत जांभळट डाग होता, जन्मापासूनचा. बाईंनी ओळखपत्र उजेडात धरलं. फोटोतला गाल स्वच्छ होता.

"ही तू नाहीस."

"मीच आहे हो, बाई."

"मग डाग कुठं गेला? फोटो काढताना घरी ठेवून गेली होतीस?"

चादरीबाहेरून मुलीची सासू, अम्मा, ओरडली, "तीच आहे ती! चार वर्षं माझ्यासमोर जेवतेय. मी ओळखणार नाही?"

"आजी, तुमच्या ओळखीवर मला सही करता येत नाही. मागच्या वर्षी एकीच्या जागी तिची बहीण पेपर लिहून गेली. बहीण सुटली, सही करणारा अडकला."

"मग त्या फोटोवालीलाच आणते," सासू म्हणाली, आणि चपला तिथंच टाकून निघाली.

फोटो स्टुडिओ रस्त्यापलीकडेच होता. मुलीचा फोटो काढायचा त्या दिवशी फोटोवाल्यानं कॅमेरा लावून दिला आणि तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. बटण त्याच्या बायकोनं दाबलं. एरवी तिचं काम मागच्या खोलीत. काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि टोक काढलेल्या पेन्सिलीनं लोकांचे मुरुम, वण, देवीचे व्रण भरून काढायचे. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. कुणी सांगायची गरज नसे, आणि आजवर कुणाची तक्रारही आली नव्हती.

खोलीत टायपिस्टबाई पेनचं टोपण काढत होत्या, लावत होत्या.

"फोटो हातात आला तेव्हा बघितला नाहीस?"

"बघितला."

"मग?"

"अम्मा म्हणाल्या, एवढा छान आलाय, राहू दे." मुलीनं नकाबाची कड बोटाला गुंडाळली. "मलाही वाटलं, राहू दे."

"पुढच्या वर्षी दे परीक्षा."

"पुढच्या वर्षी वय बसत नाही."

बाईंनी टोपण लावलं आणि घड्याळाकडे पाहिलं. दहाला आठ कमी.

फोटोवाली धापा टाकत आत आली, हाताला पेन्सिलीची काजळी तशीच. मागून सासू. "बघा, बघा काय करून ठेवलंय तुम्ही!"

फोटोवालीनं आधी फोटो पाहिला, मग मुलीचा चेहरा, आणि मटकन स्टुलावर बसली.

"मीच काढला हो डाग. सवयीनं. ओळखपत्राचा आहे हे डोक्यातच आलं नाही."

"आता काय उपयोग?" टायपिस्टबाई म्हणाल्या.

फोटोवालीनं कमरेची पिशवी सोडली. आत काळ्या रंगाची वडी होती आणि केसाएवढा ब्रश. "इकडे ये, खिडकीशी. हलू नकोस."

"अहो, थांबा! फोटोवर खाडाखोड चालत नाही."

"खाडाखोड झाली ती आधीच, बाई. ही दुरुस्ती आहे."

टायपिस्टबाईंनी ओळखपत्र तिच्यापुढे सरकवलं. फोटोवालीनं ब्रश जिभेवर ओला केला. एकदा गाल, एकदा फोटो. निगेटिव्हवर हा डाग तिनं भिंगातून पाहिला होता, पांढरा, नखाएवढा. माणसाच्या गालावर तो ती आत्ता पाहत होती. मुलीनं डोळे मिटून घेतले होते.

"डोळे उघड. फोटोत उघडे आहेत."

दहाला दोन कमी असताना टायपिस्टबाईंनी फोटो मुलीच्या कानाशी धरला. पाहिला. पुन्हा पाहिला. मग सही केली आणि शिक्का इतक्या जोरात मारला की टेबल हललं.

"पळ!"

मुलगी जी सुटली ती नकाब वरच ठेवून. "अगं, तोंड! तोंड झाक!" सासू अनवाणी मागं धावली. व्हरांड्याच्या टोकाला म्हातारा पहारेकरी घंटेची दोरी धरून उभा होता. मुलीला येताना पाहून त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. ती आत गेल्याची चाहूल लागेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग त्यानं घंटा दिली. घड्याळात दहा वाजून एक मिनिट झालं होतं.

पहारेकरी त्याच वर्षी निवृत्त झाला. टायपिस्टबाई हेडक्लार्क झाल्या. त्या सहीबद्दल त्यांना कुणी कधीच विचारलं नाही, तरी बदली होईपर्यंत त्यांना धाकधूक होती. फोटोवाली त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारू लागली, "ठेवू की काढू?" नवरा वैतागायचा. रंगीत फोटो आले तेव्हा स्टुडिओ बंद झाला.

मुलगी नर्स झाली. एकतीस वर्षं तिनं बाळंतपणं केली. बायकांच्या वॉर्डात नकाब नसायचा, आणि बाया तिला डागावरूनच ओळखायच्या.

सासू गेली तेव्हा तिच्या औषधांच्या डब्यात तळाशी त्या फोटोच्या उरलेल्या तीन प्रती सापडल्या. तिन्हींवर डाव्या गालावर सुरम्यानं डाग रंगवलेला होता. म्हातारीचा हात थरथरायचा. डाग गालाबाहेर सांडून कानापर्यंत गेला होता.