पाडरचं नाव

"हा सरळसरळ अन्याय आहे," दत्तप्रसाद म्हणाला. मुंडावळ्या कानामागे सारून त्याने व्हिम्टो सरबताच्या ग्लासात बोट बुडवलं आणि टीपॉयच्या काचेवर एक रेघ ओढली. "ही पाडर. जर्मनीत ट्रेनिंगला होतो तेव्हा रोज हिच्या काठाने चालायचो. भर गावात उगम. घरांच्या पायाशी नुसते झरेच झरे, काही तर कोमट."

"मग अन्याय कसला?" लीनाच्या वडिलांनी विचारलं.

"चार किलोमीटर जाते न जाते, तोच लिप्पे नावाची नदी येते. की पाडर खलास! हिचंही पाणी काही कमी नाही हो. पण तिथून पुढे सगळे लिप्पेच म्हणणार. हिला कोणी विचारलं?" त्याचा आवाज चांगलाच चढला होता.

लीना शेजारीच बसली होती. इथे आखातात, ईसा टाउनच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. बाजारात भेटली तरी मुलं 'लीना मिस' म्हणून हाक मारायची. लग्न सकाळीच लागलं होतं. परक्या नदीसाठी एवढा जीव तुटणारा नवरा मिळाला, याचं तिला मनापासून कौतुक वाटलं.

तेवढ्यात तिच्या सासूबाई, रत्नाबाई, तांदळाचं ताट घेऊन आल्या.

"चल दत्ता, अंगठीनं नाव लिही. अरुणा. गावाहून निघतानाच ठरवून आलेय मी."

लीनाने नवऱ्याकडे पाहिलं. आता हा बोलेल. मघाशी नदीसाठी घसा फोडत होता, आता बोलेलच.

नवरदेवाने व्हिम्टोचं बोट रुमालाला पुसलं, अंगठी काढली आणि तांदळात छान वळणदार 'अ' काढला.

लीनाची कानशिलं तापली. लोकांना वाटलं, नवरी लाजली. लाजते कसली, ती संतापली होती.

"थांबा," शेवटी ती म्हणाली. "अरुणा कशाला? लिप्पे लिहा."

"लिप्पे?" रत्नाबाई गोंधळल्या. "हे कुठल्या देवीचं गं?"

टीपॉयवरची रेघ पंख्याच्या वाऱ्याने वाळत आली होती. दत्तप्रसादने एकदा त्या रेघेकडे, एकदा लीनाकडे पाहिलं. मग त्याने तळहात फिरवून 'अ' पुसला.

"अरे, पुसतोस काय?" रत्नाबाई ओरडल्या.

"काय लिहू?" त्याने लीनाला हळूच विचारलं.

"आत्ता कसं विचारलंत," ती म्हणाली. "लीनाच लिहा."